वाचकांचे प्रश्न: लिफ्टच्या पुलावरून रस्ता ओलांडताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. शहरांतील रुंद रस्ते ओलांडण्यासाठी लिफ्ट बसवलेले पादचारी पूल आणि भुयारी मार्ग बांधले जातात. ते व्हीलचेअर वापरणाऱ्यांना खरोखर किती उपयोगी पडतात, असा या पत्रांचा एकंदर सूर आहे. म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले असून मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमच्या भागातील चौपदरी रस्त्यावर पूर्वी सिग्नल आणि झेब्रा पट्टे होते. आता तेथे दोन्ही टोकांना लिफ्ट असलेला पादचारी पूल झाला आहे, खालचे पट्टे पुसले आहेत आणि दुभाजकावर जाळी बसवली आहे. मी हाताने चालवायची व्हीलचेअर वापरते. तक्रार केली की "तुमच्यासाठीच तर लिफ्ट लावली" असे ऐकवले जाते. तरीही जमिनीवरून रस्ता ओलांडण्याची सोय परत मागणे हा हट्ट ठरेल काय?

उत्तर: मुळीच नाही. आपली मागणी वाहतूक नियोजनाच्या दृष्टीने रास्त आहे आणि ती केवळ आपल्यापुरती नाही. प्रत्येकी साडेतीन मीटरच्या चार मार्गिका धरल्या तर रस्त्याची रुंदी चौदा मीटर होते. सिग्नलची वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे पुष्कळ ठिकाणी गृहीत धरतात. त्या हिशेबाने हा रस्ता बारा सेकंदांत ओलांडला जातो. हाताने खुर्ची चालवणाऱ्या व्यक्तीचा वेग ०.८ मीटर धरला, तरी साडेसतरा सेकंद पुरतात. म्हणजे आपल्याला सुरक्षितपणे पलीकडे जाता यावे यासाठी सिग्नल सुमारे सहा सेकंदांनी वाढवायचा होता, किंवा दुभाजकात निदान दीड-दोन मीटर रुंदीची थांबण्याची जागा ठेवायची होती. त्याऐवजी आपल्याला सहा मीटर वर चढवून पुन्हा सहा मीटर खाली उतरवण्याचा मार्ग पत्करला गेला.

या चढउताराला लागणारा वेळ कोणी मोजत नाही, म्हणून येथे मोजू. साधी प्रवासी लिफ्ट सेकंदाला एक मीटर वेगाने चालली तर प्रत्यक्ष प्रवास थोडक्यात आटोपतो. वेळ जातो तो लिफ्ट येण्याची वाट पाहण्यात आणि दार उघडण्या-मिटण्यात, आणि तोही दोनदा. पण अनेक पुलांवर पैसे वाचवण्यासाठी बंद केबिनच्या लिफ्टऐवजी संथ प्लॅटफॉर्म लिफ्ट बसवतात. युरोपातील यंत्रविषयक नियमांनुसार अशा लिफ्टचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरपेक्षा अधिक नसतो. सहा मीटर चढायला चाळीस सेकंद लागतात आणि ती वर असेल तर खाली येण्याची वाट पाहण्यात आणखी चाळीस. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पावणेतीन मिनिटे झाली, आणि त्यांत पुलावरून जाण्याचा व दारांचा वेळ धरलेलाच नाही. शिवाय यातील कित्येक यंत्रे बटण सतत दाबून धरले तरच चालतात. ज्यांच्या बोटांत जोर नाही त्यांच्यासाठी चाळीस सेकंद बटण दाबून धरणे हाच एक अडथळा असतो.

हा प्रश्न धडधाकट पादचाऱ्यांचाही आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. मूर आणि ओल्डर या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की पुलावरून जाण्यास खालून जाण्यापेक्षा दीडपट वेळ लागत असेल, तर जवळजवळ कोणीही पूल वापरत नाही. जाळी बसवावी लागते ती याच कारणाने: पूल सोयीचा असता तर लोकांना अडवावे लागले नसते. लोक जाळीतील फट शोधून पलीकडे जातात. आपल्याला तीही पळवाट नसते.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला आणि ३ मे २००८ पासून अमलात आला. त्याच्या नवव्या कलमात इमारती, रस्ते आणि वाहतूक यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्या "इतरांच्या बरोबरीने" वापरता आल्या पाहिजेत असे म्हटले आहे. आपल्या निवेदनात भर द्यावा तो याच शब्दांवर. पलीकडे पोहोचण्याचा एखादा मार्ग आहे एवढ्याने बरोबरी सिद्ध होत नाही. इतरांना लागतो तितपतच वेळ, तितपतच श्रम आणि तितपतच खात्री त्या मार्गात असावी लागते.

मात्र एक मर्यादाही मान्य करायला हवी. रेल्वेचे रूळ, प्रवेशनियंत्रित द्रुतगती मार्ग किंवा स्थानकांतील फलाट ओलांडताना जमिनीवरून वाट देणे बहुधा शक्य नसते आणि तेथे पूल किंवा भुयार आणि त्यांसोबत लिफ्ट यांना पर्याय राहत नाही. आपण वर्णन केलेला रस्ता त्या प्रकारचा नाही. तेथे मागणी करावी ती पदपथाच्याच पातळीला उचललेल्या, सिग्नल असलेल्या ओलांडणीची. झालेला पूल पाडा असे म्हणण्याची गरज नाही. तो ज्यांना हवा त्यांच्यासाठी राहू द्यावा.

प्रश्न: आमच्याकडील पुलाच्या दोन लिफ्टपैकी एक ना एक बंद असते. कधी दाराला कुलूप असते आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो रखवालदार जागेवर नसतो. अधिकारी म्हणतात की लिफ्ट पंच्याण्णव टक्के वेळ चालू असतात आणि हे प्रमाण उत्तम आहे. आम्ही नेमके काय मागावे?

उत्तर: पंच्याण्णव टक्के हा आकडा ऐकायला चांगला वाटतो, पण तो एका लिफ्टचा आहे आणि आपल्याला रस्ता ओलांडण्यासाठी दोन लिफ्ट एकाच वेळी चालू लागतात. दोन्ही स्वतंत्रपणे बिघडतात असे धरले तर दोन्ही चालू असण्याची शक्यता ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे सुमारे नव्वद टक्के होते. महिन्यातील तीन दिवस तो पूल आपल्यापुरता अस्तित्वातच नसतो. वाटेत असे दोन पूल असतील तर चार लिफ्ट चालू लागतात आणि शक्यता एक्याऐंशी टक्क्यांवर येते. दर पाचव्या दिवशी नोकरीवर पोहोचता येईल की नाही हे अनिश्चित असेल, तर त्या रस्त्याला कोणीही चालू रस्ता म्हणणार नाही. म्हणून पहिली मागणी अशी असावी की उपलब्धतेचा हिशेब लिफ्टमागे न ठेवता ओलांडणीमागे ठेवावा, आणि देखभालीच्या करारातील दंडही त्याच आकड्याशी जोडावा. प्रत्येक लिफ्टची उपलब्धता नव्याण्णव टक्क्यांवर नेली तर ओलांडणी अठ्ठ्याण्णव टक्के वेळ चालू राहते; उघड्यावरच्या लिफ्टसाठी हे कठीण असले तरी अशक्य नाही.

उघड्यावरची लिफ्ट इमारतीतल्या लिफ्टपेक्षा अधिक बिघडते आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. लिफ्टचा तळखड्डा जमिनीच्या पातळीखाली असल्याने पावसाचे पाणी त्यात उतरते. पाणी उपसणारा पंप आणि त्याचा वीजपुरवठा चालू नसेल तर यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. दाराच्या खालच्या खाचेत वाळू, खडे आणि पाने अडकली की दार पूर्ण मिटत नाही, आणि दार मिटल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. काचेच्या केबिनवर दिवसभर ऊन पडले की आतील इलेक्ट्रॉनिक भाग तापतात. मोडतोडही होते, तिला तोंड देऊ शकणाऱ्या लिफ्टसाठी ईएन ८१-७१ हे वेगळे युरोपीय मानक आहे आणि निविदेत त्याचा उल्लेख आहे का, हे माहिती मागवून पाहता येते. दारावर छप्पर, लिफ्टसमोरच्या फरशीला बाहेरच्या बाजूने उतार आणि खाचेची रोजची झाडलोट या अत्यंत साध्या गोष्टी आहेत. माझ्या मते निम्मी भांडणे झाडू आणि पंप यांच्यापाशीच संपण्यासारखी असतात, पण उद्घाटनाच्या खर्चात त्यांची तरतूद नसते.

दुसरी मागणी माहितीची असावी. पलीकडची लिफ्ट बंद आहे हे आपल्याला पूल ओलांडून गेल्यावर कळते, आणि मग आल्या वाटेने परतावे लागते. दोन्ही लिफ्टची स्थिती दाखवणारा दिवा किंवा फलक दोन्ही टोकांना, शक्यतो मागच्या चौकातच, असावा आणि तीच माहिती दूरध्वनीवर व संकेतस्थळावरही मिळावी. तिसरी मागणी पर्यायाची: लिफ्ट बंद असेल तेवढा काळ खालून रस्ता ओलांडण्याची व्यवस्था उघडून देण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरलेले असावे.

कुलपाविषयी दुमत असू नये. रखवालदाराच्या हजेरीवर अवलंबून असलेली लिफ्ट ही सार्वजनिक सोय राहत नाही. गैरवापराची भीती असेल तर कॅमेरा, काचेची भिंत आणि चांगला उजेड हे उपाय आहेत.

निकृष्ट यंत्रांचा प्रश्न गैरसोयीवर थांबत नाही, हे दक्षिण कोरियात दिसले. २००१ च्या जानेवारीत सोलजवळील ओइदो स्थानकावर व्हीलचेअरसाठीची लिफ्ट कोसळून एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला. त्यातून तेथे अपंग व्यक्तींच्या संचारहक्काचे मोठे आंदोलन उभे राहिले आणि २००५ मध्ये वाहतुकीतील दुर्बल घटकांच्या सोयीसाठी स्वतंत्र कायदा झाला.

प्रश्न: मी वास्तुकलेचा विद्यार्थी आहे. लिफ्ट बिघडते, उतार मात्र बिघडत नाही. मग पुलाला लिफ्टऐवजी रॅम्पच का देऊ नये?

उत्तर: आपला तर्क बरोबर आहे, फक्त तो कागदावर मापे टाकून तपासून पाहावा. वाहनांसाठी पाच ते साडेपाच मीटर मोकळी उंची आणि त्यावर पुलाची जाडी धरली तर चालण्याचा पृष्ठभाग रस्त्यापासून सुमारे सहा मीटर वर येतो. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांनुसार रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ असतो, म्हणजे बारा मीटर लांबीत एक मीटर चढ, आणि एका सलग टप्प्यात तीस इंच, म्हणजे ७६० मिलिमीटरपेक्षा अधिक चढता येत नाही. त्यानंतर सुमारे दीड मीटरचा सपाट टप्पा लागतो. सहा मीटरसाठी आठ चढ आणि त्यांच्यामध्ये सात सपाट टप्पे झाले. त्यांची लांबी बहात्तर अधिक साडेदहा, म्हणजे साडेब्याऐंशी मीटर. पलीकडे उतरायला तेवढीच. चौदा मीटरचा रस्ता ओलांडण्यासाठी एकशे पासष्ट मीटरचा रॅम्प, आणि पुलाची लांबी वेगळी.

श्रमाचाही अंदाज घ्या. खुर्ची आणि माणूस मिळून नव्वद किलो वजन असेल तर १:१२ च्या चढावर हातांना साधारण साडेसात किलो वजन सतत उचलून धरण्याइतका जोर लावावा लागतो, चाकांचे घर्षण वेगळेच. चाकाला दिलेल्या दोन रेट्यांच्या मध्ये पकड सुटते तेव्हा खुर्ची मागे येऊ पाहते. बहात्तर मीटर असे चढणे कमरेखाली लुळेपणा असलेल्या तरुण खेळाडूलाही सोपे नाही. खांदे आधीच झिजलेल्या व्यक्तीला तर नाहीच. उतरताना चाके आवरून तळहातांची कातडी सोलवटते. १:२० असा सौम्य उतार घेतला तर श्रम कमी होतात, पण नुसत्या चढाची लांबी एका बाजूला एकशे वीस मीटर होते आणि पदपथावर तेवढी जागा सहसा मिळत नाही.

भुयारी मार्गाचा हिशेब काहीसा सुसह्य निघतो, कारण माणसाला अडीच मीटर उंची पुरते. छताची जाडी धरून साडेतीन मीटर खाली जावे लागते. १:१२ ने बेचाळीस मीटर चढ आणि मध्ये चार सपाट टप्पे, एकूण सुमारे अठ्ठेचाळीस मीटर. जमिनीचा नैसर्गिक उतार साथ देत असेल तर ही लांबी आणखी घटते आणि मग रॅम्प हाच उत्तम पर्याय ठरू शकतो. पावसाच्या पाण्याचा निचरा आणि रात्रीचा एकांत या दोन गोष्टी मात्र भुयाराच्या आराखड्यात प्रथमपासून सोडवाव्या लागतात.

हाँगकाँगचे उदाहरण आपल्याला उपयोगी पडेल. रॅम्प असलेल्या पुलांना लिफ्टची गरज नाही अशी तेथील प्रशासनाची पूर्वी भूमिका होती. ऑगस्ट २०१२ मध्ये जाहीर झालेल्या सर्वांसाठी सुगम्यता कार्यक्रमात ती बदलली आणि मानकांत बसणारा रॅम्प असलेल्या पुलांनाही लिफ्ट बसवण्याचा मार्ग मोकळा झाला. जागा असेल तेथे दोन्ही द्यावे हे माझे मत. रॅम्प लिफ्टच्या बिघाडात आधार देतो, सायकल ढकलणाऱ्यांना आणि बाळगाडी नेणाऱ्यांना उपयोगी पडतो. पण केवळ रॅम्प देऊन सोय झाली असे समजू नये, आणि आपल्या प्रकल्पात या दोहोंच्या आधी जमिनीवरच्या ओलांडणीचा विचार का बाद झाला याची कारणे लिहावीत. परीक्षकांनी ते विचारले नाही तरी लिहावीत.

प्रश्न: माझी विजेवर चालणारी खुर्ची लिफ्टमध्ये जाते, पण आत वळत नाही, बाहेर पडताना मागे न बघता उलटे यावे लागते. लिफ्टची योग्य मापे कोणती?

उत्तर: लिफ्टच्या सुगम्यतेविषयीच्या ईएन ८१-७० या युरोपीय मानकात अकराशे मिलिमीटर रुंद आणि चौदाशे मिलिमीटर खोल अशी केबिन व्हीलचेअर आणि सोबत एक व्यक्ती यांच्यासाठी दिली आहे. आपली लिफ्ट बहुधा याच मापाची असेल. तीत आपण मावता, परंतु वळू शकत नाही, कारण जागीच फिरण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते आणि मोठ्या विद्युत खुर्च्यांना त्याहूनही अधिक. केबिन मोठी करणे महाग असले तरी पुलाच्या लिफ्टला एक सोपी युक्ती लागू पडते: समोरासमोर दोन दारे. खालच्या मजल्यावर एका दाराने आत जायचे आणि वरच्या मजल्यावर समोरच्या दाराने सरळ बाहेर पडायचे. पुलाच्या लिफ्टला दोनच थांबे असतात, त्यामुळे नव्या बांधकामात ही रचना न करण्याचे कारण मला तरी दिसत नाही. एकच दार असेल तर मागच्या भिंतीवर आरसा हवाच. तो शोभेसाठी नसून उलटे येणाऱ्या व्यक्तीला मागचे दिसावे यासाठी असतो.

दाराची स्वच्छ रुंदी निदान नऊशे मिलिमीटर असावी. बटणे जमिनीपासून साधारण नऊशे ते बाराशे मिलिमीटर उंचीवर आणि कोपऱ्यापासून दूर हवीत, कारण खुर्चीचे पायदान कोपऱ्यात आधी टेकते आणि हात पोहोचत नाही. केबिनची फरशी आणि बाहेरची फरशी यांत दहा मिलिमीटरपेक्षा अधिक फरक पडू लागला तर तो नोंदवून तक्रार करावी. पुढची लहान चाके तेवढ्या उंबरठ्यालाही अडतात.

लिफ्टपर्यंतची वाट हा या प्रश्नाचा उपेक्षित भाग आहे. दारासमोर दीड मीटर चौरस सपाट जागा नसेल, तेथे दुचाकी उभ्या असतील किंवा पदपथावर चढायलाच पायरी असेल, तर केबिनची सगळी मापे व्यर्थ जातात. पदपथाची कड रस्त्याला मिळवताना अंध व्यक्तींचाही विचार करावा लागतो, कारण कड हीच त्यांची रस्ता सुरू झाल्याची खूण असते. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ साली पायाला किंवा काठीला जाणवणाऱ्या उठावाच्या फरश्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. खुर्चीसाठी कड उतरवावी आणि त्याच जागी या फरश्या बसवाव्यात, म्हणजे एकाची सोय दुसऱ्याला धोक्याची ठरत नाही.

प्रश्न: चांगले चालू शकणारे तरुण लिफ्टमध्ये गर्दी करतात. ती केवळ व्हीलचेअरसाठी राखून ठेवावी काय?

उत्तर: राखीव ठेवू नये, प्राधान्य मात्र ठळक अक्षरांत लिहावे. कोणाला गुडघ्याचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे हे दिसत नाही. शिवाय जी लिफ्ट शेकडो लोक वापरतात ती बंद पडल्यावर शेकडो तक्रारी जातात. फक्त आपल्यासाठी राखलेली लिफ्ट बंद पडल्यावर एकच तक्रार जाईल.

प्रश्न: माझी आई विद्युत व्हीलचेअर वापरते. लिफ्टमध्ये अडकण्याच्या भीतीने ती पुलावरून जाणेच टाळते. वीज गेली तर काय करावे, आणि लिफ्ट बंद असताना सरकत्या जिन्यावरून खुर्ची नेता येईल काय?

उत्तर: सरकत्या जिन्यावरून नेऊ नये. सोबत दोन-तीन माणसे असली तरीही नाही. पायऱ्या वर येताना खुर्चीचा तोल मागे जातो, आणि खुर्ची निसटली तर मागचे सर्वजण तिच्या मार्गात येतात.

लिफ्ट थांबली तर दार ताकदीने उघडण्याचा प्रयत्न करू नये आणि कोणाला करू देऊ नये. केबिनमध्ये हवा येण्याची सोय असते. धोका असतो तो दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या केबिनमधून बाहेर पडताना. धोक्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. ईएन ८१-२८ या मानकाप्रमाणे केलेल्या लिफ्टमध्ये त्यातून थेट बचाव केंद्राशी दोन्ही बाजूंनी बोलता येते. वीज गेल्यावर बॅटरीच्या आधाराने केबिन जवळच्या थांब्यावर नेऊन दार उघडणारी यंत्रणाही मिळते आणि पुलांच्या लिफ्टना ती असायलाच हवी. आपल्या पुलावरील लिफ्टमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत काय, हे लिफ्टमधील फलकावरून किंवा देखभाल करणाऱ्यांना विचारून आधीच समजून घ्यावे. आई सोबत नसताना एकदा स्वतः जाऊन बटण दाबून पलीकडून कोणी उत्तर देते का तेही पाहावे; केंद्राला ही चाचणी आहे असे सांगितले की पुरते.

आणखी एक काळजी घ्यावी. विद्युत खुर्चीचे वजन बॅटरीसह शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते, त्यामुळे मदतीला धावलेले लोक ती माणसासकट उचलून जिन्याने आणू पाहतात तेव्हा दुखापत जवळजवळ ठरलेली असते. खुर्चीचे वजन, ब्रेक मोकळे करण्याचा खटका कोठे आहे आणि आईला उचलताना आधार कोठे द्यावा या तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद खुर्चीच्या पाठीमागच्या पिशवीत ठेवावा, आणि त्याची एक प्रत आईच्या पर्समध्येही असू द्यावी.